नाव साहेबांचं, माल मिस्त्रींचा

नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा सायकलचा तीन गिअरचा जुना हब हातात घ्यावा आणि त्यावर बसलेलं वंगणाचं काळं किटण रॉकेलच्या फडक्यानं पुसावं. खाली ठशातली अक्षरं दिसू लागतात. ‘एडब्ल्यू’ हे मॉडेलचं नाव, आणि पुढे दोन आकडे, ५७ आणि ६. म्हणजे हा हब १९५७ सालच्या जून महिन्यात बनला. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, असा हब भंगारात किलोवर जातो. तिथं त्याला वजन असतं, जन्मतारीख नसते. इंग्लंडात किंवा हॉलंडमध्ये १९५७ची रॅले सायकल मूळ रूपात उभी करायला बसलेल्या माणसाला मात्र तो जून महिना हवा असतो. फ्रेम त्या उन्हाळ्यातली, तर हबही त्याच उन्हाळ्यातला पाहिजे, आणि त्यासाठी तो चांगले पैसे मोजतो.

किलोचा भाव आणि महिन्याचा भाव यांच्यात जी फट आहे, तिच्यात पुण्याच्या एका पेठेतले दोन मित्र गेली काही वर्षं व्यवहार करत आहेत. एकाचं वडिलांच्या वेळेपासूनचं सायकलचं दुकान आहे. दुसरे बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झाले. दोघं एकाच शाळेतले, त्यामुळे आपसांत अरे-तुरे. पण दुकानात एक दुसऱ्याला ‘साहेब’ म्हणतो आणि दुसरा पहिल्याला ‘मिस्त्री’. नावं छापायची नाहीत ही दोघांचीही अट असल्यामुळे इथंही तेच चालवतो.

मिस्त्रींकडे माल आहे आणि तो कळणारे हात आहेत. साहेबांकडे इंटरनेटवरच्या लिलावाचं खातं आहे. ‘कॉम्प्युटर येणारा मित्र आणि न येणारा दुकानदार’ अशी ही जोडी असेल, असं धरून मी दुकानात गेलो. तिथं बसल्यावर वेगळंच दिसलं. फोटो काढणं आणि टंकणं हे मिस्त्रींचा मुलगाही करू शकला असता. साहेबांनी मित्राला उसनं दिलं होतं ते स्वतःचं नाव, आणि या धंद्यातलं बाकी सगळं त्या एका गोष्टीवरून ठरत गेलं.

माळ्यावर काय आहे

पुण्यात सायकलींची चलती होती त्या दशकांत पेठापेठांतून दुकानं होती आणि त्यांच्या माळ्यांवर माल साठत गेला. स्वातंत्र्याच्या आधी इथं आलेल्या सायकली बहुतेक इंग्लिश: रॅले, हंबर, रज, बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स. पुढे आयातीवर निर्बंध आले आणि देशी कारखाने उभे राहिले. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, सोनिपतला ॲटलास, लुधियानात हीरो. गिऱ्हाइकाला स्वस्त देशी भाग मिळू लागले आणि दुकानदारानं जपून ठेवलेला इंग्लिश माल माळ्यावरच राहिला.

मिस्त्रींच्या माळ्यावर काय नाही? ल्यूकसचे रॉकेलचे दिवे, दोन बाजूंना लाल आणि हिरव्या काचेची छोटी भिंगं असलेले. पितळी घंट्या. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्सच्या स्प्रिंगवाल्या चामडी सीटा. सळीच्या ब्रेकचे संच. रॅलेच्या बगळ्याचं चित्र कापून काढलेली चेनव्हील, बीएसएच्या तीन बंदुकांचे बिल्ले. पालिका सायकलकर घ्यायची त्या काळातले पत्र्याचे बिल्लेही एका डब्यात आहेत. त्यांना परदेशात गिऱ्हाईक नाही, पण पुण्यातले हौशी लोक विचारत येतात.

यातल्या बऱ्याच वस्तूंना आज मागणी का आहे, त्याचं उत्तर आट्यांत आणि तारांच्या भोकांत सापडतं. जुन्या इंग्लिश सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. युरोपात आणि अमेरिकेत दोन्हीकडे ३६ची पद्धत होती. त्यामुळे ४० भोकांची रिम तिकडे सहज मिळत नाही. आपल्याकडे साध्या काळ्या सायकलीला ३२-४० पुढेही चालू राहिलं. अठ्ठावीस इंची मोठ्या चाकाचं आणि सळीच्या ब्रेकचंही तसंच. इंग्लंडनं ज्या वस्तू करणं सोडलं, त्या आपल्या बाजारात नव्याकोऱ्या मिळत राहिल्या. नॉटिंगहॅमचा रॅलेचा कारखाना २००२च्या अखेरीस थंडावला आणि स्टर्मी-आर्चर त्याआधीच, २००० साली, तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेली. मूळ गावी भाग बनणं संपलं, तशी जगभरच्या माळ्यांची किंमत वाढली.

शर्यतीच्या सायकलींचा बाजार याहून निराळा आणि बराच महाग. इटलीत तोस्काना प्रांतातल्या गायोले गावी १९९७पासून ‘एरोइका’ नावाची फेरी निघते. तिच्यात १९८७च्या आधीच्या बनावटीच्या शर्यती सायकलीच चालतात. गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर आणि ब्रेकच्या केबली हँडलबाहेरून गेलेल्या पाहिजेत. पुढे या फेऱ्या इतर देशांतही भरू लागल्या. एका नियमामुळे विचेन्झाच्या कॅम्पान्योलो कंपनीचे जुने गिअर अडगळीतून पुन्हा रस्त्यावर आले. त्यांच्या ‘नुओवो रेकॉर्ड’ गिअरवर ‘पॅट. ७२’ असं कोरलेलं असतं. ते पेटंटचं साल वाटतं, पण असतं बनावटीचं. मिस्त्रींकडे असा एकच गिअर होता, मुंबई-पुणे शर्यतीत उतरणाऱ्या एका सायकलपटूनं त्यांच्या वडिलांना दिलेला. तो विकायचा नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं.

‘हे कशावरून?’

साहेबांच्या हातात एक जाड वही असते. एका वस्तूला एक पान. वर नाव, मग मापं, मग ठसे जसे दिसतात तसे, आणि खाली लाल शाईनं आखलेला चौकोन. त्याला दोघंही ‘खोटेचा खण’ म्हणतात. सीटच्या पत्र्यावरचं अक्षर पुसट आहे, रिव्हेटपाशी चामडं चिरलंय, स्प्रिंगच्या एका वेटोळ्याला गंज आहे, हे सगळं त्या खणात. तो रिकामा असेल तर वस्तू विक्रीला लागत नाही. साहेबांचं म्हणणं सरळ आहे: सत्तर वर्षांच्या वस्तूला खोट नाही, याचा अर्थ आपण नीट बघितलेलं नाही.

मी बसलो होतो त्या दुपारी एका बी.बी. कपावरून, म्हणजे पेडलचा अक्ष ज्यात फिरतो त्या आट्यांच्या वाटीवरून, जुंपली होती. मिस्त्रींनी कप बोटांत फिरवला, नखानं आट्यांवरून रेघ ओढली आणि म्हणाले, ‘रॅलेचा आहे.’

‘कशावरून?’

‘अरे, हाताला कळतं.’

‘तुझा हात मला पानावर चिकटवता येत नाही. माप सांग.’

मग पिच गेज निघालं. त्याच्या पात्या एकामागून एक लावून बघताना एक पाती आट्यांत फटीशिवाय बसली: इंचाला २६. बहुतेक इंग्लिश सायकलींचे इथले आटे इंचाला २४. रॅलेनं मात्र आपल्या अनेक सायकलींना स्वतःचे २६ ठेवले, म्हणजे गिऱ्हाईक सुट्या भागांसाठी पुन्हा रॅलेकडेच येणार. आज हेच आटे खरेदीदाराला छळतात आणि विकणाऱ्याला पैसे देतात. मिस्त्रींचा हात बरोबर होता. साहेबांनी वहीत मात्र ‘रॅलेचा’ असं न लिहिता ‘२६ आटे, मापलेले’ असं लिहिलं.

असल्या ‘कशावरून’नं मिस्त्रींना सुरुवातीला राग येई. चाळीस वर्षं ज्याच्या शब्दावर पेठ चालली, त्याला शाळासोबती पुरावा मागतो म्हणजे काय? पण गल्लीतलं गिऱ्हाईक माणसाला ओळखतं, माल बिघडला तर दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. समुद्रापलीकडच्या माणसाला दिसतात ते फक्त फोटो आणि चार ओळी. त्या चार ओळींत जे आलं नाही, त्याची किंमत तो शून्य धरतो किंवा सरळ वाईट धरतो.

वस्तू साफ किती करायची हा दुसरा वाद. दुकानात वाढलेल्या माणसाचा हात वस्तू चकचकीत करायला शिवशिवतो. संग्राहकाला मात्र तिच्यावर चढलेली वर्षं हवी असतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये चकाकी देणारा मुलामा दुर्मीळ झाला आणि हँडल, चेनव्हील असे कित्येक भाग काळा रंग देऊन कारखान्यातून बाहेर पडले. मिस्त्रींच्या वडिलांनी असं एक हँडल मोठ्या हौसेनं क्रोम करून घेतलं होतं. ‘केवढं सुंदर काम आहे बघा,’ असं म्हणत मिस्त्रींनी ते मला दाखवलं, आणि काम खरंच सुंदर होतं. साहेबांनी खोटेच्या खणात लिहिलं: ‘मूळचा काळा रंग काढून नंतर क्रोम केलेलं.’ बाजाराच्या लेखी त्या चकाकीनं हँडलचं साल पुसून टाकलं होतं.

बोली कशी चढते

ज्या संकेतस्थळावर हे दोघं विकतात, ते ई-बे. १९९५ साली कॅलिफोर्नियात पिएर ओमिदियार यांनी ‘ऑक्शनवेब’ म्हणून ते सुरू केलं. तिथं विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरना, असं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. मोडका आहे हे सांगूनच विकलेला, हे साहेब आवर्जून लक्षात आणून देतात. भारतात २००० साली ‘बाझी डॉट कॉम’ निघालं, २००४मध्ये ई-बेनं ते विकत घेतलं आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये ई-बेचं भारतातलं संकेतस्थळ बंदही झालं. पण इथून परदेशी गिऱ्हाइकाला विकण्याची वाट उघडी राहिली. जुन्या सायकलींचं गिऱ्हाईक तिकडचंच असल्यामुळे या दोघांचं काही अडलं नाही.

लिलावाची रीत आपल्याकडच्या बाजार समितीतल्या उघड लिलावाहून वेगळी आहे. इथं खरेदीदार आपली कमाल रक्कम गुपचूप सांगून ठेवतो आणि यंत्र त्याच्या वतीनं गरजेपुरती बोली चढवतं. समजा, एका दिव्यासाठी पहिल्यानं १२० डॉलरपर्यंत जायची तयारी ठेवली आणि दुसऱ्यानं ९० पर्यंत. दिवा पहिल्याला मिळतो, पण १२०ला नाही. दुसऱ्याचे ९० आणि वर ठरलेली एक डॉलरची पायरी, असे ९१ होतात. म्हणजे भाव ठरवतो तो हरणारा. वस्तू एका वेड्या माणसाला आवडून भागत नाही, दोन वेडे लागतात. हे कळल्यावर मिस्त्रींनी दुर्मीळ आणि विचित्र भाग ‘आत्ताच घ्या’ अशा ठरलेल्या किमतीला ठेवायला लावले. चार जण झगडतील अशा वस्तूच आता लिलावाला जातात.

घाई करून काही मिळत नाही, हे शिकायलाही वेळ लागला. सात दिवसांच्या लिलावात सहा दिवस काहीच हलत नाही आणि शेवटच्या मिनिटात भाव उसळतो. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली यावर शोधनिबंध लिहिला. ई-बेचा लिलाव घड्याळाच्या ठरलेल्या काट्यावर संपतो म्हणून जाणते लोक शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसतात. त्या काळी ॲमेझॉनही लिलाव चालवायचं, पण तिथं उशिरा बोली आली की वेळ वाढायची, आणि तिथं ही दबा धरण्याची रीत बरीच कमी दिसली. जाणकार आधीच बोली लावत नाही, कारण त्यानं हात वर केला की बाकीच्यांना कळतं, वस्तू खरी आहे.

शेवटचा काटा कुठल्या देशात पडावा हेही ठरवावं लागतं. इंग्लिश भागांचं गिऱ्हाईक इंग्लंड-हॉलंडात आणि अमेरिकेत. इंग्लंडातली उन्हाळ्यातल्या रविवारची रात्री आठची वेळ बरी. तेव्हा तिकडं जेवणं उरकलेली असतात, न्यूयॉर्कला दुपारचे तीन आणि कॅलिफोर्नियात भरदुपार. पुण्यात मात्र सोमवार लागून अर्धा तास झालेला असतो. साहेब जागे राहतात. मिस्त्री झोपलेले असतात, आणि सकाळी दुकानाचं शटर वर करताना एवढंच विचारतात, ‘दोघं भांडले का?’

नावाचा प्रश्न

सुरुवातीला खातं साहेबांचं होतं. नाण्यांच्या नादापायी त्यांनी ते पूर्वीच उघडलं होतं आणि त्यावर खरेदीदारांचे चांगले शेरे जमले होते. मिस्त्रींचा माल त्या शेऱ्यांच्या आधारानं विकला जाऊ लागला. या आधाराची किंमत काढता येते. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. जुन्या पोस्टकार्डांच्या सारख्या जोड्या करून एकाच विक्रेत्यानं त्या ई-बेवर विकल्या, काही आपल्या मुरलेल्या खात्यावरून आणि काही कोऱ्या, अनोळखी खात्यांवरून. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुन्या खात्याला सरासरी ८.१ टक्के जास्त भाव मिळाला. माल तोच, हात तोच, फरक फक्त नावाचा.

आठ टक्के मिळवून देणारं नाव एका चुकीनं जाऊही शकतं, आणि या जोडीच्या बाबतीत ते जाणार होतं साहेबांचं. आट्यांची भानगड एकदा झाली ती याच काळात. हातानं ओळखलेले कप २४ आट्यांचे म्हणून गेले, निघाले २६चे. खरेदीदारानं फोटोसह तक्रार केली. मिस्त्रींचं मत पडलं की कप उत्तम आहेत, त्यानं तिकडं कुणाला तरी विकावेत. साहेबांनी त्याच संध्याकाळी पूर्ण पैसे परत केले, कप परत पाठवण्याचा खर्चही दिला आणि मित्राला सांगितलं, ‘माल तुझा आहे, पण खाली सही माझी आहे. माझी खात्री पटल्याशिवाय यापुढे काही जाणार नाही.’ पिच गेज आणि खोटेचा खण त्यानंतर आले.

मैत्रीत असा नकाराधिकार सहज मागता येत नाही. मागितला की दुसऱ्याला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. कर्जखात्यात वर्षं काढलेल्या साहेबांना त्याची सवय होती. जामीन राहणाऱ्यानं कागद वाचलाच पाहिजे, आणि मित्रासाठी जामीन राहताना तर दोनदा, असं ते म्हणतात. पैशाबाबतही त्यांनी हीच चाल धरली. मिस्त्रींनी निम्मा वाटा पुढे केला, साहेबांनी काहीच घेणार नाही म्हटलं आणि दोघंही रुसले. शेवटी सगळा खर्च वजा जाता एक लहान वाटा ठरला, तोही लेखी. का घेतला, असं विचारल्यावर साहेब म्हणाले, ‘फुकट काम करणाऱ्याला कुणी रागावू शकत नाही. त्याला मला रागावता आलं पाहिजे.’

पुढे व्यवहार वाढला तसा दुसरा पेच आला. पैसे साहेबांच्या नावावर जमा होत, म्हणजे कराच्या हिशेबात ते उत्पन्न साहेबांचं. व्यापारी निर्यातीला परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक लागतो आणि तो पॅनवर मिळतो. कुणाच्या पॅनवर काढायचा? दोघांनी सनदी लेखापालाकडे जाऊन सगळं दुकानाच्या नावावर घेतलं. लिलावाचं खातंही नवं, दुकानाच्या नावाचं. शेरे पुन्हा शून्यावर आले आणि पहिले काही महिने बोल्या खरोखरच खाली राहिल्या. मिस्त्रींनी ते निमूटपणे सोसलं, कारण आता नाव त्यांच्या वडिलांच्या दुकानाचं होतं.

मोडायची की नाही

लोकांना सुगावा लागल्यावर वाड्यांतून आणि बंगल्यांतून अख्ख्या सायकली दारात येऊ लागल्या. इथं साहेब आणि मिस्त्री यांची उलटापालट झाली. साहेबांनी कागदावर मांडून दाखवलं की अख्खी सायकल परदेशी पाठवणं परवडत नाही, पण तिचा दिवा, सीट, हब, चेनव्हील आणि बिल्ला वेगवेगळे विकले तर बेरीज अख्ख्या सायकलीच्या भावाच्या कितीतरी वर जाते. हिशेबात चूक नव्हती. मिस्त्री ऐकायला तयार नव्हते. एका फ्रेमबरोबर एका कारखान्यातून निघालेले भाग अजून एकत्र आहेत, हाच तिचा दाखला आहे. तो एकदा फोडला की परत जुळत नाही, आणि मग दुसऱ्या टोकाला कुणीतरी तेच भाग जुळवण्यासाठी आयुष्य घालवतो.

शेवटी ठरलं ते असं: फ्रेम तुटलेली, गंजून गेलेली किंवा आधीच अर्धी लुटलेली असेल तर भाग सुटे करायचे. पूर्ण सायकल असेल तर घरमालकाला आधी इथल्याच संग्राहकाचा रस्ता दाखवायचा. पुण्यात ते अवघड नाही. कर्वेनगरातलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय २०१७ पासून लोकांना खुलं आहे. महायुद्धात हवाई छत्रीनं उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथं बघायला मिळते.

वय मोजण्याचं आणखी एक कारण कायदा हे आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानं ऐतिहासिक मोलाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतले दिवे आता त्या रेषेपलीकडे गेले आहेत. साल नक्की होत नसेल आणि वस्तू फार जुनी वाटत असेल तर ती परदेशी जात नाही. एरवी जास्तीत जास्त जुनं साल सिद्ध करण्यात साहेबांचा जीव रमतो. इथं मात्र जुनं निघालं की गिऱ्हाईक जातं, आणि तरीही पान खरंच लिहावं लागतं.

खोकं बांधताना

रॉकेलचा दिवा पाठवण्याआधी त्याची टाकी साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवावी लागते, कारण ज्वलनशील पदार्थाचा वास आला तरी पार्सल अडतं. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, म्हणून सीटा दिवाळीनंतर निघतात. हबाच्या अक्षाची टोकं खोका फोडतात, त्यांना आधी ट्यूबचे तुकडे चढवायचे. हे काम मिस्त्री कुणालाही करू देत नाहीत. निर्यातीचे कागद आता टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून ऑनलाइन भरता येतात.

२०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी काढली, आणि २५ ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ऑक्टोबरच्या मध्यात ती पुन्हा सुरू झाली, पण जकात भरून. मधल्या काळात तयार खोकी दुकानात पडून राहिली. साहेबांनी प्रत्येक खरेदीदाराला कळवलं: थांबायचं असेल तर थांबा, पैसे परत हवे असतील तर आज देतो.

वह्यांची पानं अजून भरत आहेत. खोटेचा खण आता बहुतेक वेळा मिस्त्रीच सांगतात आणि साहेब लिहून घेतात. मी निघालो त्या दिवशी एका ब्रूक्सच्या सीटवर परदेशातून प्रश्न आला होता: चिरेशिवाय बाकी सगळं अगदी निर्दोष आहे ना? साहेब ‘हो’ टंकायच्या बेतात होते. मिस्त्रींनी सीट उलटी केली, खालच्या पत्र्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘लिही, डावा स्क्रू मूळचा नाही, माझ्या वडिलांनी बसवलाय. आणि निर्दोषच हवी असेल तर नवी घे म्हणावं.’